शेवटचा अंक जुळत नाही

दिनांक १७ नोव्हेंबर २०२५, सेक्टर ४७, चंदीगड. सकाळी दगड कोरणारा कारागीर येऊन गेला. पत्नी चित्रा पंचकुल्याला बहिणीकडे गेली आहे. दुपारी लिहायला बसलो.

मी विश्वनाथ गणपत शिंत्रे, वय ६३, हवाई दलातून निवृत्त इन्स्ट्रुमेंट फिटर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहीत आहे. आधीचे मृत्युपत्र नाही. तेव्हा सगळे मुलगी देवयानीचेच होणार होते.

१. फ्लॅट आणि ठेवी चित्राला. तिच्यानंतर भाचा प्रणव याला. व्यवस्था त्यानेच पाहावी.

२. माझी हत्यारे डेराबस्सीच्या कारखान्यातील माझा जुना सहकारी विश्राम याला. त्याने ती वापरावीत.

३. धाकटा भाऊ नंदकुमार याला काही नाही. देवयानीच्या तेराव्याला तो म्हणाला, "दादा, पोरीला आकड्यांच्या नादी तूच लावलंस." ते खरे आहे. तरीही काही नाही.

४. दोन कॅल्क्युलेटर आणि एक पत्र, लोखंडी कपाटातील वरच्या खणात. हे प्रणवला समजावे म्हणून सविस्तर लिहितो.

देवयानी आमची एकुलती एक. दोन वर्षांपूर्वी, बाविसाव्या वर्षी, कर्करोगाने गेली. शून्य सोडून कोणत्याही दोन पूर्ण संख्यांच्या घनांची बेरीज तिसऱ्या पूर्ण संख्येचा घन कधीच होत नाही, असे फर्मा नावाच्या गणितज्ञाने म्हटले होते आणि ते सिद्धही झाले आहे. आजारपणात पडल्या पडल्या तिला अपवाद सापडला: १११६१ आणि ११४६८ यांचे घन मिळून १४२५८ चा घन.

मी म्हणालो, "अगं, ते सिद्ध झालंय ना?"

"पापा, बड़े लोगों से भी ग़लती होती है. आप चेक करो."

आमच्या कामात एका मीटरवर विश्वास नसला की दुसरा लावतात. दोन्ही सारखे दाखवतात तर वाचन बरोबर. मी दुसरा कॅल्क्युलेटर लावला. दोन्हींवर बेरजेचे आणि घनाचे तेच दहा अंक आले. मी म्हणालो, "बरोबर आहे." तिने पंचकुल्याच्या एका निवृत्त प्राध्यापकांना पत्र लिहिले. मी ते टपालात टाकले.

उत्तर मी फाटकापाशी उघडले. "बेटी, फक्त शेवटचे अंक पाहा. एकाचा घन एकावर संपतो, आठाचा दोनावर. बेरीज तीनावर संपेल, पण १४२५८ च्या शेवटी पुन्हा आठ, म्हणजे त्याचा घन दोनावर. संख्या तेरा अंकी, यंत्र दहाच दाखवते. तू फक्त एकाने चुकलीस. बरी झालीस की ये."

ती रोज विचारायची, "कोई लेटर?" मी अकरा दिवस "नाही आलं" म्हणालो. बाराव्या दिवशी ती गेली. पत्र दाखवले असते तर कदाचित हसली असती.

चित्राला यातले काही माहीत नाही. ती सगळ्यांना सांगते, "माझ्या पोरीने मशीनकडून कबूल करून घेतलं." देवयानीच्या आठवणीसाठी पार्कात बसवायच्या दगडी बाकावर तिला हेच तीन आकडे कोरायचे आहेत. आज कारागिराला ते एकेक अंक करून मीच सांगितले. थांबवता आले असते.

चित्रा असेपर्यंत पत्र उघडू नये आणि हे चौथे कलम तिला वाचू देऊ नये. ती गेल्यावर प्रणवने वाचावे. बाकावर दुरुस्ती करू नये. कोणी विचारल्यास चूक माझी, असे सांगावे.

सही: वि. ग. शिंत्रे
साक्षीदार: लक्ष्मीकांत देवधर, शेजारी, विक्रम सैनी, शेजारी. दोघांनी मजकूर न वाचता माझ्यासमोर सही केली.
स्थळ व दिनांक वरीलप्रमाणे.

साक्षीदार गेले. त्यांचे चहाचे कप विसळून ठेवले.