सासऱ्यांच्या कॅप्टनचा कोट

झोस्ट, मार्च १९७३

आदरणीय फोल्कमारदादा यांस,

एकेहार्टचा नमस्कार. तुमचा पाय प्लास्टरमध्ये आहे हे कळलं आणि, खरं सांगतो, हेवा वाटला. पाय मोडला म्हणून तुम्ही बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला येऊ शकला नाहीत. माझे दोन्ही धडधाकट, म्हणून मी गेलो आणि बुडालो. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. इकडची खुशाली विचारू नका. तुमची बहीण त्या दिवसापासून बाबांकडेच राहिली आहे आणि माझ्याशी बोलत नाही.

तुमच्यापर्यंत एकच बाजू आली असेल (राइनहिल्डची, म्हणजे तुमच्या घरात तीच खरी), म्हणून ही दुसरी. बाबांच्या बैठकीत काचेच्या कपाटात तो निळा कोट आहे ना, त्याची कहाणी तुम्ही दुधाबरोबर प्यायलात: आजोबा थिओडोर कॅप्टन होते, सन १८७०च्या फ्रान्सच्या लढाईत तलवार उपसून पलटणीच्या पुढे धावले वगैरे. लग्न झाल्यापासून मीही ती ऐकतोय. पण कपाट काही बाबांनी मला कधी उघडू दिलं नाही (जावयाच्या हाताला घाम येतो, असं त्यांचं मत). त्या दिवशी मात्र नगराध्यक्ष, पाद्री, नेमबाजी मंडळाचे झाडून सगळे सभासद हजर, बाबांच्या पोटात दोन-तीन पेले गेलेले, आणि त्यांनी जाहीर केलं की आमचे जावई जुने लष्करी गणवेश ओळखण्यात पटाईत आहेत, ते आता कॅप्टनसाहेबांच्या कोटाबद्दल चार शब्द बोलतील. स्वतःच्या हाताने किल्ली फिरवली हो त्यांनी. मला भरून आलं.

आता आम्हा संग्राहकांची एक रीत आहे. समोर कोट आला की घरच्यांनी सांगितलेली कहाणी कानाआड करायची, खांद्यापासून सुरुवात करायची, मग कॉलर, मग बाह्या, मग गुंड्या. आणि बोलायचं ते कोटाकडे तोंड करून. या शेवटच्या सवयीने माझं वाटोळं केलं, कारण पाठीमागे काय चाललंय ते मला दिसलंच नाही. दोन्ही खांद्यांवर फितींची अर्धगोल पट्टी होती. तिला आम्ही पाकोळीचं घरटं म्हणतो, आणि ती फक्त वाजवणाऱ्यांच्या अंगावर असते. फीत सोनेरी, म्हणून तुमच्या घरच्यांना कॅप्टन वाटला असणार. पण घरट्यावर सोनेरी फीत म्हणजे पलटणीच्या बँडमधला माणूस. मी तसं सांगितलं. मोठ्याने सांगितलं. वर आनंदाच्या भरात हेही म्हणालो की कॅप्टनचे कोट काय, पैशाला पासरी मिळतात, इतका सुरेख बँडवाल्याचा कोट मात्र मी जन्मात पाहिला नव्हता. दादा, आमच्यात याहून मोठी स्तुती नाही.

वळून पाहतो तर बाबांचा काटा केकसकट अधांतरी. पाद्री खिडकीबाहेर बघायला लागलेले. एवढ्यावर निभावलं असतं, पण नेमबाजी मंडळाचा बँड कोपऱ्यात कॉफी पीत बसला होता. आपला एक माणूस शंभर वर्षांनी सापडला म्हणून ते सगळे उठून उभे राहिले आणि आजोबांना मानवंदना वाजवली. अखंड, सगळी कडवी. बाबा एवढंच म्हणाले, ‘‘एकेहार्ट, कपाट लावून घ्या.’’ अंगणात राइनहिल्डने मला गाठलं. ‘‘आजच्या दिवस गप्प बसला असतास तर तुझं काय गेलं असतं?’’ मी म्हणालो, कॉलरसुद्धा कॅप्टनची नव्हती. (नको होतं म्हणायला. कळतंय मला.) मग ती म्हणाली, ‘‘जा, कर त्या कोटांशीच संसार,’’ आणि दार लावून घेतलं.

तोच करतोय. घरात माणसांइतक्या उंचीचे पुतळे शिरस्त्राणं घालून उभे आहेत आणि एकालाही बटाटे उकडता येत नाहीत. दोन्ही वेळा काळा पाव आणि लोणचं खातो. परवा भालेवाल्या पुतळ्याला मी चक्क विचारलं की खिडकी लावू का. तुमची बहीण घरात असताना दिवसभर माझ्यावर करवादायची, ते ऐकू येत नाही म्हणून मला अन्न गोड लागत नाही. तिच्या वाटणीचं अर्धं कपाट रिकामं पडलंय आणि माझे सहा कोट खुर्च्यांवर आहेत, तरी तिथे मी एकही टांगला नाही. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

पायाला जपा.

तुमचा (अजून तरी) मेहुणा,
एकेहार्ट

ता. क. खरं काम असं. ईस्टरला तुम्ही बाबांकडे जालच, तेव्हा माझ्या वतीने सांगा की मला कॅप्टन मान्य आहे. त्याच पाहुण्यांसमोर, त्याच कपाटापाशी उभा राहून बोलेन. फक्त राइनहिल्डला पाठवा म्हणावं.

ता. क. २. मात्र कॅप्टनच्या वर त्यांनी जाऊ नये. मेजरपर्यंत मी खाली मान घालून येईन, पण जनरल म्हणाल तर विजारीला दोन रुंद लाल पट्टे लागतात. ते कुठून आणू?

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात राइनहिल्डचा फोन आला, तेव्हा वरचे दोन्ही ताजे कलम फाडून टाका. बाबा रोज जेवण झालं की कपाट उघडून त्या फितीवरून बोट फिरवतात म्हणे, आणि काल तिला विचारलं, ‘‘वाजवायचे काय गं माझे वडील?’’ रविवारी मला बोलावलंय, ते सांगायला. त्यांच्या मनात तुतारी आहे. दादा, कोटाच्या पोटावरच्या गुंड्या घासून पार सपाट झाल्या आहेत, म्हणजे पोटावर टेकवून वाजवायचा मोठा ढोल. मी तेव्हाच पाहिलं होतं, पण गुंड्यांपर्यंत पोचायच्या आत बँड सुरू झाला. राइनहिल्डने परत यायला बॅग भरून तिकडे दाराशी ठेवली आहे. मी तुतारी सांगणार आहे.