अनुजाचे गिनीपिग

ती. आईस, कोल्हापुरातून धाकट्याचा नमस्कार.

फोन दादाच उचलतो, म्हणून लिहितोय. अनुजा बरी आहे, दोन्ही वेळा जेवते. तिला दोन गिनीपिग आणून दिलेत. ससा आणि उंदीर यांच्या मधलं काहीतरी म्हण की! काकडी दिसली की शिट्ट्या मारतात. पण माझा आवाज तुला ठाऊकच; दुकानातून येऊन हाक मारली की दोन्ही थिजून बसतात.

काल तसंच झालं. दाराआड पोरगी त्यांना हळूच सांगत होती, "भिऊ नका, काका हाय. पप्पा न्हाईत."

दादानं दारू सोडली, लेकीला गारगोटीला पाठव, असा तुझा निरोप मिळाला. सोडली असेल. पण पोरगी इथंच राहील.

तुझे गुडघे कसे आहेत? इकडं ये राहायला. एकटीच ये.

तुझा,
रणजित