टोमेशांच्या घरात कोण राहतं

ऑर्डवेल, नेब्रास्का
२४ फेब्रुवारी २०१८

प्रिय वेड,

‘भूगोल : एक उतार. लोकसंख्या : ज्यांना अजून निघता आलेलं नाही ते.’

मिसेस प्रूइटनी आपल्या गावावर चार ओळी लिहून आणायला सांगितल्या होत्या आणि तू उभा राहून एवढंच वाचलंस. वर्ग हसला. मिसेस प्रूइटही हसल्या, आणि मग तुला दाराबाहेर उभं केलं. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले होते, कारण तू माझा भाऊ होतास. या आठवड्यात ते वाक्य सारखं आठवतंय.

तू बरा असशील. गुडघा काय म्हणतो? फिनिक्सला म्हणे तुम्ही या दिवसांतही नुसत्या शर्टावर हिंडता. इथे नाल्यावर अजून बर्फ आहे. मी ठीक आहे. शाळेची बस अजून मीच चालवते. सकाळी सुरू व्हायला ती कुरकुरते, मीही कुरकुरते, मग दोघी निघतो.

मोठी बातमी ही, की गाव आहे. हसू नकोस. गेल्या मंगळवारी संध्याकाळी ते राहणार की नाही हे ठरायचं होतं, आणि ते राहिलं.

दरवर्षीच्या पॅनकेकच्या जेवणाआधी ऑर्विल आणि त्याचा मेहुणा गस अजून पिकअपमध्ये बसून गाव मोजतात. पूर्वीसारखंच. काच अर्धी खाली, मध्ये कॉफीचा थर्मास, आणि खाली कुणी उतरायचं नाही. वर चर्चपाशी सुरुवात, मग उतारानं रूळ, धान्याची कोठी, आणि शेवटी नाल्याकाठची घरं. ‘श्मिट, दोघं. लार्सनचं घर, एक.’ ती एक म्हणजे मी. अकरा वर्षं त्या घरात राहतेय, तरी ते लार्सनचंच. या गावात घराला आपलं नाव लागायचं तर आधी त्यातून निघून जावं लागतं.

यंदा आकडा त्र्याण्णव आला. शंभराच्या खाली, पहिल्यांदाच. रूथ आता अठ्ठ्याहत्तरची आहे. नवरा गेल्यापासून गावाचं अध्यक्षपद तीच ओढतेय, कारण दुसरं कुणी पुढे होत नाही. ती म्हणाली, “शंभराखाली गाव नसतं, नुसता शेजार असतो. काउंटीच्या कारभाराकडे देऊन टाकू.” म्हणजे रस्त्यावरचे दिवे जाणार, आगीचा बंब शेजारच्या गावाला जाणार, दुपारी बाराचा भोंगा उतरवणार, वेशीवरची पाटीही काढणार.

आता इथे थांबून मला तुला एक गोष्ट सांगायला हवी. पण आधी पॅनकेकचं सांगते.

बंबखान्यात सगळे जमले होते. बंब बाहेर बर्फात काढून आत टेबलं मांडली होती. ऑर्विल तव्यापाशी होता. त्याच्या टोपीवर पीठ सांडलं होतं. खाणं निम्म्यावर आल्यावर रूथनं विषय काढला. सगळे ताटातला पाक पुसत बसले. गस म्हणाला, “उगाच किती दिवस ओढायचं?” आणि खरं सांगू? रूथनं ‘देऊन टाकायचं का?’ असं विचारलं असतं, तर मीही हात वर केला असता. तसं ठरवूनच आले होते. तुझ्या वाक्यातली लोकसंख्या म्हणजे मीच, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. मग ते गाव राहिलं काय आणि गेलं काय.

तेवढ्यात आल्मा उठली. आल्मा कॅनिल. तिला तू ओळखत नाहीस. ती ग्वाटेमालाची. तिचा नवरा डॉमिंगो वरच्या डुक्करपालन केंद्रावर कामाला आहे, आणि ती वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात.

“ऑर्विल, एक विचारू?”

“विचार की, पोरी. अजून एक वाढू का?”

“शनिवारी तू आमच्या दारावरून गेलास. स्टिअरिंगवरची दोन बोटं उचललीस.”

“उचलली. नेहमीच उचलतो.”

“मी ओट्यावरून हात केला. मुलांनी केला. माझ्या आईनंही केला.”

“केला ना. बघितलं मी. तुझ्या आईनं लाल शाल घेतली होती.”

“मग आम्हाला मोजलंस?”

ऑर्विलचं उलथनं हवेतच राहिलं. “नाल्याकाठचं ते... ते घर...” तो माझ्याकडे बघून थांबला. “ते रिकामं म्हणून धरतो आम्ही.”

“मग हात कुणाला केलास? घराला?”

“अगं, तो गाईंनाही करतो!” गस ओरडला, आणि सगळा बंबखाना हसायला लागला.

“तूच शेजारी बसला होतास ना रे?” रूथ त्याला म्हणाली. “थर्मास मोजत होतास काय?”

तुझ्या लक्षात आलंच असेल. ज्या घराचं नाव घेता घेता ऑर्विल थांबला, ते आपलं घर.

आल्मा, डॉमिंगो, तिची आई आणि तीन मुलं. सात वर्षं ती बाबांच्या घरात राहताहेत. दर नाताळला मी तुला लिहिलं, ‘घर ठीक आहे.’ ते खोटं नव्हतं. घर खरंच ठीक आहे, आणि त्यांच्यामुळेच ठीक आहे. दफनानंतर अंगणात तू म्हणालास, “या घरात आता कुणी राहायचं नाही, कॉरी.” मी मान हलवली, कारण तू रडत होतास आणि तुला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं. बाबांशी तुझं बोलायचं राहून गेलं, ते त्या घरात जपून ठेवायचं होतं तुला. समजलं होतं मला. पण दोन हिवाळ्यांत नळ फुटले, आईच्या स्वयंपाकाच्या ओट्यावर बर्फ साचला, वरच्या खोलीत रकूननं पिल्लं घातली. मग मी किल्ली दिली. मला त्याची लाज वाटत नाही, वेड. तुला सांगायची भीती मात्र वाटत होती. मंगळवारी तीही गेली.

पुढचं ऐक. रूथनं चमचा आपटला आणि म्हणाली, “पुन्हा मोजा. माणसं मोजा, आडनावं नकोत.” मग जो गोंधळ झाला!

“पीटरसनच्या घरात कोण?”

“पीटरसन तर वारले.”

“ते गेले रे, पण घर चालतंय ना? रोज तिथून धूर निघतो!”

“ते वेल्डिंगवालं जोडपं. तिला बाळही झालंय.”

“कधी?”

“थँक्सगिव्हिंगला! तूच नाही का बटाट्याचं भांडं घेऊन गेलास?”

“गेलो होतो खरा,” गस म्हणाला, “भांडं अजून यायचंय.”

असं घराघरातून एकेक माणूस बाहेर निघत गेलं, आणि ते सगळे तिथेच बसून पॅनकेक खात होते. आकडा एकशे अठरावर गेला. रूथ खुर्चीवर चढली. आम्ही तिचे पाय धरून ठेवले. “या उतारावर जो झोपतो आणि ज्याला हे गाव हवंय, त्यानं हात वर करा.” माझ्या बसमधली सगळी पोरं दोन-दोन हात वर करून उभी राहिली. ऑर्विलनं उलथनं वर केलं. मी माझ्या हाताकडे बघितलं, तर तो आधीच वर गेला होता.

मग रूथ खाली उतरली, भिंतीपाशी गेली आणि तिनं भोंग्याचं बटण दाबलं. संध्याकाळी! सगळी कुत्री रडायला लागली. आसपासच्या शेतांवरचे लोक आग लागली समजून गाड्या हाणत आले. कोणी पायजम्यावर, एकाच्या हातात बादली. “कुठे आहे आग?” “कुठेच नाही, बसा, पॅनकेक खा.” बसलेसुद्धा. पीठ संपलं तेव्हा आल्मानं घरून मक्याचं पीठ आणलं, आणि ऑर्विल तिच्या आईकडून हातावर भाकऱ्या थापायला शिकला. मी इतकी हसले की बरगड्या दुखायला लागल्या. पंचेचाळिसाव्या वर्षी मला कळलं, की मी इथे अडकून पडलेली नाही. मी इथे राहते.

दुसऱ्या दिवशी तुझं ते वाक्य मी आल्माला सांगितलं. ती भांडी विसळत होती. “ज्यांना निघता आलं नाही ते?” ती म्हणाली. “मी दोन देश ओलांडून आले. मला निघता येतं, कॉरी. तुझ्या भावाला सांग, त्याची व्याख्या कच्ची आहे.” मग हात पुसत म्हणाली, “पण तो गमतीदार दिसतो. येतो का कधी?”



वेशीवरच्या पाटीवर ११८ तिच्या थोरल्या मुलीनं रंगवलं. एक आकडा जरा कलला आहे. बाबांनी बघितलं असतं तर ते गाडी थांबवून नुसते बघत बसले असते, आणि काही बोलले नसते. म्हणजे त्यांना आवडलं असतं.

एक राहिलं. रस्त्याकडेची आपली टपालपेटी अजून उभी आहे. तिच्यावर तू सोळा वर्षांचा असताना रंगवलेलं आपलं आडनाव, TOMES, आहे, शेपटीवाल्या S सकट. सात वर्षांत कॅनिलांनी त्याला हात लावलेला नाही. डॉमिंगो दर वसंतात पेटी रंगवतो आणि अक्षरांच्या कडेनं ब्रश वळवून घेतो. परवा आल्मानं विचारलं, “आता मोजलंय आम्हाला, तर नाव बदलू का?” मी म्हणाले, ज्यानं लिहिलंय त्याला विचारते.

तर विचारते. रंग पुसायचं काम दुसऱ्या कुणी केलेलं मला बघवणार नाही. बाबांचे ब्रश मी धुऊन ठेवलेत. एप्रिलमध्ये जमीन मऊ झाली की ये. समोरच्या दारावर थाप मार, तुला ओळखणारं आत कुणी नाही, काही समजावून सांगावं लागणार नाही. आणि तुझ्याच हातानं ते नाव पुसून तिथे त्यांचं लिही. त्यांच्या नावातलं C तुझ्यासारखं या गावात कुणाला काढता येत नाही.

तू नाही म्हणशील. पाकीट बंद करतानाही मला ते ऐकू येतंय. तरी ये.

उतारावर राहणारी, एकशे अठरांपैकी एक,
तुझी कॉरी