दाताखालची रेती

हिंगणी, सप्टेंबर १९९४, रविवार संध्याकाळ

आता जरा शांत वाटतंय. सकाळी तलावाच्या पाळीखाली, आमच्या वांग्यांच्या वावरात झरा फुटला. वारुळासारखा छोटा ढिगारा, मधोमध पाणी उसळतंय आणि त्यात पांढरी रेती नाचतेय. सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं. "गंगा आली वं," म्हणत ओंजळीत तीर्थ घेतलं आणि लगेच थुंकल्या. रेती दाताखाली आली.

ती रेती दिवसभर माझ्या डोक्यातून जाईना. आमचं वावर काळ्या मातीचं, मग ही पांढरी रेती कुठली? पाळीखालचीच असणार. तलाव तुडुंब आहे, पाणी जोरानं खालून वाट काढतंय. रेती अशीच निघत राहिली तर पाळ पोकळ होईल. मग वावर काय नि घर काय!

यांनी दगडमाती ठासून तोंड बुजवलं. थोड्या वेळानं पाणी पाळीच्या आणखी जवळ फुटलं. मी म्हटलं, बुजवू नका, भोवती मातीची पोती रचू. आत पाणी चढलं की त्याच्या वजनानं खालचा जोर दबेल.

"काऊन कोंडून राह्यली वं तिले?" सासूबाई रागावल्या.

"कोंडत नाई. पाणी जाईनच, फक्त रेती थांबवून राह्यलो."

पोती रचून आत कमरेएवढं पाणी चढल्यावर उसळी निवली. पोत्यांवरून पाणी हळू वाहू लागलं. यांनी तलाठ्याला कळवलंय. उद्या पाळ बघायला माणसं येतील.

दिवेलागणीला सासूबाईंनी पुन्हा तीर्थ घेतलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांनी ते जिभेवर घोळवलं, थांबल्या, आणि गिळलं.