थॅडचा सेंट टीव्हीवर चमकला

बेथलेहेम, पेनसिल्व्हेनिया
नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार

प्रिय लविनियाताई,

तुला आणि अर्विनभाओजींना नमस्कार. तुझा गुडघा, त्यांचा कान आणि तुमची आंधळी मांजर, तिघांची खुशाली कळव. माझी प्रकृती ठणठणीत आहे. झोप येत नाही, पण त्यात प्रकृतीचा दोष नाही. आपला भाऊ थॅड मात्र चाललाय. डॉक्टर म्हणतात, महिनाअखेरच्या थँक्सगिव्हिंगपर्यंत काढेल (‘कदाचित’ असंही म्हणाले, पण तेवढा शब्द खिडकीकडे बघून म्हणाले).

पुढचा प्रकार तुला बाहेरून कळण्याआधी मीच सांगतो. थॅडचा सतराशे त्र्याण्णवचा साखळीवाला सेंट, ते तांब्याचं नाणं, तुला आठवतच असेल. लहानपणी तू त्याला नुसतं बोट लावलंस, तर थॅडने आठवडाभर अबोला धरला होता. एका बाजूला साखळी, दुसऱ्या बाजूला केस न विंचरलेली, भूत बघितल्यासारखी दचकलेली स्वातंत्र्यदेवी. आणि सव्वादोनशे वर्षांत तांब्यावर चढलेला तो तपकिरी रंग! आम्हा नाणेवाल्यांत पाप एकच, जुनं नाणं पुसणं. (खून करून आलेल्याला आमच्या क्लबात निदान कॉफी तरी मिळेल.) एकदा घासलं की रंग गेला, मग ब्रह्मदेवाचा बाप आला तरी परत यायचा नाही. थॅड तर नाण्याजवळ शिंकणाऱ्यालासुद्धा घराबाहेर काढायचा.

शुश्रूषागृहात जाताना त्याने सेंट माझ्या दुकानाच्या तिजोरीत ठेवला. ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियाहून टीव्हीवाले आले. खुनाची मालिका होती. तीत एका नाणेसंग्राहकाचा मुडदा पडतो आणि त्याच्या तोंडात हाच सेंट सापडतो. नक्कल चालली असती त्यांना. पण मला वाटलं, थॅड दिवसभर टीव्हीसमोर पडून असतो, मरण्याआधी आपलं नाणं पडद्यावर बघू दे बिचाऱ्याला, म्हणून खराच नेऊन दिला. (हेतू चांगला होता. माझ्या थडग्यावर हेच कोरा.) चित्रीकरणाचं सामान सांभाळणारी मार्नी नावाची एक बाई होती, पन्नाशीची, तोंडात सदा च्युइंगगम. दिग्दर्शक ओरडला, “अरे, हे कोटाचं बटण वाटतंय! मुडद्याच्या तोंडात पैसा दिसायला नको?” आणि ताई, त्या बाईने खायचा सोडा आणि टोमॅटो केचप लावून सेंट लख्ख केला. पाच मिनिटांत. मी तेव्हा बाहेर सँडविच खात होतो.

गेल्या बुधवारी तो भाग लागला. शुश्रूषागृहाच्या हॉलमध्ये अकरा म्हातारे, प्रत्येकापुढे हिरवी जेली आणि मधोमध थॅडची खाट. पोलिसाने मुडद्याचा जबडा उघडला आणि आत सेंट नव्या नळासारखा चमकला. थॅड तीन आठवड्यांत पहिल्यांदा उठून बसला आणि गरजला, “नकली! अरे बावळटांनो, नकली आहे! खरा असा चमकतो होय?” आणि इतका हसला की नर्सला धावत येऊन ऑक्सिजन लावावा लागला. मग माझं मनगट धरून हळूच म्हणाला, “आन्सेल, आपला आहे ना रे जागेवर?”

“आहे की,” मी म्हटलं.

“मग आण एकदा. हातात धरतो आणि जातो.”

तेव्हापासून तो रोज विचारतो आणि मी रोज थापा मारतो. कधी तिजोरीचं कुलूप अडकतं, कधी रस्त्यावर बर्फ पडतो (तो पडलेला नाही, आणि त्याच्या खाटेशेजारीच खिडकी आहे). माझ्याच्याने आता त्याच्या डोळ्यांकडे बघवत नाही, ताई. त्या मार्नीचं कधी भलं होणार नाही.

तुझा धाकटा भाऊ,
आन्सेल

ता. क. बाबांनी खरा सेंट थॅडला दिला आणि ‘मुलीला काय कळतंय’ म्हणून त्याची हुबेहूब नक्कल गळ्यातल्या कोंदणात बसवून तुला दिली. तू आयुष्यभर त्याचा राग धरलास, बरोबरच केलंस. पण ती नक्कल आज खऱ्यापेक्षा खरी दिसते. कोंदणातून काढ आणि शनिवारच्या आत स्वतः घेऊन ये. तिच्या कडेचा साच्याचा सांधा बोटाला लागतो खरा, पण थॅडच्या बोटांना आता काही कळत नाही.

ता. क. २. मार्नीने काही केलं नाही. उलट तीच म्हणत होती, “जुनं आहे हो, राहू द्या तसंच.” दिग्दर्शकाने मला मुडद्याच्या शेजाऱ्याचं काम देऊ केलं होतं, एक वाक्य होतं. नाणं चमकलं नाही तर प्रसंगच कापू म्हणाला. मग मीच घासलं, माझ्या हातांनी. ते वाक्य त्यांनी शेवटी कापलंच.

ता. क. ३. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात नर्सचा फोन आला. थॅडने आज वकिलाला बोलावून सेंट माझ्या नावे केलाय. क्लबातल्या कुणावर भरवसा नाही म्हणाला, कोण कधी पुसून बसेल सांगता येत नाही. आन्सेल तेवढा जिवंत असेतो त्याला हात लावणार नाही, म्हणे.