केस गळायचे दिवस

बाबा, सध्या घरात जिथे हात लावावा तिथे केस आहेत, पोळ्यांच्या डब्यातसुद्धा! आमचा कुत्रा दीड वर्षाचा झालाय. अवधपुरीच्या या फ्लॅटच्या गॅलरीत मी रोज सकाळी त्याला विंचरते आणि तुम्ही आठवता. कारखान्याच्या टाउनशिपमधलं आपलं क्वार्टर, मागची पायरी. फर्स्ट शिफ्टहून येऊन, बूटही न काढता तुम्ही बसलाय. मांडीशी आपलं तेव्हाचं पांढरं कुत्रं, हातात आईचा जुना कंगवा. मी ओरडतेय, "याला खरूज झालीय, डॉक्टरकडे न्या!" तुम्ही फुंकर मारून केस बाजूला करता आणि खालची स्वच्छ, गुलाबी कातडी दाखवता. "कुठंय खरूज? अगं, याच्या अंगावर दोन थर असतात. आतली लोकर थंडीपुरती, ती आता सुटतेय. वरचे लांब केस ऊन अडवतात. रोज विंचरायचं आणि महिनाभर कळ काढायची." मला तेव्हाच सगळं नीट समजलं होतं बाबा. हेच तर वाईट.

मला बघायला इंदूरचे लोक येणार होते. तुमच्या निळ्या युनिफॉर्मवर चिकटलेल्या केसांना कॉलनीतले हसायचे, त्याचीही मला लाज वाटायची. तुम्ही ड्युटीवर असताना मी मार्केटमधल्या न्हाव्याला मशीन घेऊन बोलावलं. "दीदी, पक्का ना?" त्यानं दोनदा विचारलं. मी म्हटलं, "हाँ भैया, पूरा उतार दो." सोललेल्या बटाट्यासारखं दिसायला लागलं बिचारं, आणि पलंगाखाली जाऊन बसलं. तुम्ही आलात, वाकून पाहिलंत. मी पटकन म्हणाले, "डॉक्टरांनीच सांगितलं." तुम्ही तशीच स्कूटर वळवलीत आणि जनावरांच्या दवाखान्यात भांडायला गेलात. तासाभरानं परत आलात. आपला जुना बनियन कापून त्याला घातलात. तरीही मे महिन्यात त्याची पाठ भाजली, फोड आले. रोज तुम्हीच औषध लावायचात. पुढच्या थंडीत केस आले तेही ठिकठिकाणी, विटके. मला मात्र तुम्ही एका शब्दानं विचारलं नाहीत. मला वाटलं, खोटं पचलं.

तुम्ही गेल्यावर आईनं सांगितलं. तुम्ही चार माणसांसमोर डॉक्टरांवर आवाज चढवलात, आणि ते शांतपणे म्हणाले की हा कुत्रा त्यांच्याकडे कित्येक महिन्यांत आलेलाच नाही. तुम्ही हात जोडून माफी मागितलीत. घरी येऊन आईला म्हणालात, "पोरीला काही बोलू नकोस. पाहुणे यायचेत." तुम्ही कधी कुणापुढे वाकला नव्हतात, आणि माझ्यापायी वाकलात. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तुम्ही असतात तर हे लिहायची हिंमत झाली नसती. आता पत्र टाकायचं कुठे हा प्रश्नच नाही, म्हणून लिहितेय.

काल अरेरा कॉलनीतल्या डॉक्टरीणबाई आमच्या आताच्या कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "अच्छा है, आपने शेव नहीं कराया. लोग मानते ही नहीं." मी हसून म्हटलं, "पापा ने सिखाया था. हमारे घर में ऐसा कभी किसी ने नहीं किया." बाबा, मी पुन्हा खोटं बोलले, आणि या वेळी तुमचं नाव घेऊन.