मांडवाखाली पुरलेले डुक्कर

परतवाडा

सौ. माणिकताईस,

धाकट्या कमलाकांतचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला ताब्यात असतील असे धरून चालतो. इकडे सारे सुखरूप आहोत. तुझ्या भावजयीने, शैलाने, तेवढा माझ्याशी अबोला धरला आहे, म्हणजे तीही सुखरूपच.

कॉलेजची सगळी वर्षे अकोल्याला तुझ्याच घरी जेवलेल्या माझ्या पोरीने फिजीतला मुलगा पसंत केला, तेव्हा 'डुकरं खाणाऱ्याच्या घरी जाऊन राहिली, आता माहं दार तिले बंद,' असे तू फोनवर सुनावलेस. स्वराली लग्नात हसली खरी, पण गाडीचा आवाज आला की फाटकाकडे पाहायची. (हे टोचायला लिहीत नाही. टोचले तर टोचो.)

तर लग्नानंतरच्या जेवणाचे ऐक. व्याह्यांच्या घरची रीत अशी की, सुनेच्या माहेरच्यांना सासऱ्याने स्वतः जमिनीत भाजलेले डुक्कर वाढायचे. धारणी रस्त्यावरच्या आपल्या शेतात त्यांनी सकाळीच खड्डा खणला, आगीत दगड लाल केले, त्यांवर केळीच्या पानांत गुंडाळलेले अख्खे डुक्कर (कुठून आणले ते विचारू नकोस) निजवले, वर ओली पोती, वर माती. मग आंघोळीला गेले, आणि तिथेच घात झाला. आपल्या कामवाल्या चतुराबाईला उकरलेली माती दिसली. तिने ती चोपून सपाट केली, शेणाने सारवली, वर रांगोळी काढली. मी रागावलो तर म्हणते, 'कार्याच्या घरी उघडी माती बरी दिसते का, भाऊ?' मांडववाल्या देवीदासला ती जागा इतकी आवडली की त्याने गाद्या घालून मानाची बैठक तिथेच मांडली.

संध्याकाळी तिच्यावर वकीलमामा बसले. सारखे कूस बदलत होते. त्यांना मूळव्याध उठल्याचीच शंका आली, पण मानाची जागा कोण सोडतो? तिकडे व्याही खड्डा शोधत हिंडत होते. अखेर त्या धिप्पाड माणसाने बूट काढले, अनवाणी पायांनी जमिनीची ऊब चाचपत सारे शेत पालथे घातले आणि मामांपुढे येऊन हात जोडले. मामांना वाटले, पाया पडायला आले. त्यांनी आशीर्वादही दिला.

ताई, पुढचे सांगायला शब्द अपुरे पडतात. गाद्या उचलल्या, माती सारली, पाने उलगडली आणि जमिनीच्या पोटातून वाफेचा लोट उठला. डुक्कर अख्खेच्या अख्खे होते. व्याह्यांनी नुसता हात लावला तर लोण्यासारखे सुटले. व्याही गुडघे टेकून मातीशी काहीतरी पुटपुटले. जन्मात अंडेही न खाल्लेला मी, पण माझे हात आपोआप जोडले गेले. मग त्यांनी विचारले, घरात सर्वांत वडील कोण? पहिला वाटा त्यांचा. तो पोचल्याशिवाय सासरा जेवत नाही. मी तुझे नाव सांगितले. ते उपाशीच निजले.

तुझा,
कमलाकांत

ता. क. वाट्याला घाबरू नकोस. तू काय खातेस ते स्वरालीने त्यांना सांगून ठेवले होते. तुझ्यासाठी त्यांनी शेताच्या पलीकडच्या धुऱ्यावर वेगळा लहान खड्डा खणून रताळी भाजली.

आणखी एक. हे पत्र देणारा माणूस कुरिअरवाला नव्हे. ते आपले व्याही. त्यांना मराठी येत नाही, आणि पोटात कालपासून अन्न नाही. तुझे वाचून होईपर्यंत दारातच उभे असतील. स्वराली गल्लीच्या तोंडाशी रिक्षात बसली आहे. पुढे यायचा तिला धीर होत नाही. तू हाक मारलीस तर ऐकू जाईल.